पोलादी नाणं, जस्ताचा मुलामा आणि आमसूल

पावसाळा सरल्यावर रत्नागिरीतल्या माझ्या एका विद्यार्थ्याने एक नाणं दाखवायला आणलं. त्याचे पणजोबा आगबोटीवर खलाशी होते, त्यांच्या पेटीत ते सापडलं होतं. एका बाजूला अब्राहम लिंकन आणि १९४३ हे साल, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या. "सर, याचे दहा लाख येतात म्हणे, व्हिडिओ आलाय." नाणं बघून मला वाईट वाटलं. त्याच्या आजीने देवाची तांब्याची भांडी घासताना तेही आमसुलाने लखलखीत करायचा प्रयत्न केला होता.

हा अमेरिकेचा एक सेंट. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांना आणि तारांना तांबं हवं होतं. आपल्याकडे त्याच साली तांबं वाचवायला पैशाच्या मधोमध भोक पाडलं गेलं. अमेरिकेने सेंटमधून तांबं काढूनच टाकलं आणि पोलादावर जस्ताचा मुलामा दिला. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या टांकसाळींनी मिळून वर्षभरात सुमारे १०९ कोटी नाणी पाडली. लोकांना ती दहा सेंटच्या नाण्यासारखी वाटत आणि पुढच्या वर्षी पुन्हा तांबं आलं.

आता मला सर्वांत आवडणारा भाग, म्हणजे नाण्याची कड. आधी पोलादाच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी जस्त चढवलं जाई आणि मग त्यातून गोल चकत्या कापल्या जात. त्यामुळे कापलेल्या कडेवर जस्त नसतंच, तिथे पोलाद जन्मापासून उघडं असतं. तरीही कड लगेच गंजत नाही. दमट हवेत धातूवर पाण्याचा पातळ थर बसतो, आपल्याकडे त्यात समुद्राचं मीठही असतं, आणि या थरात जस्त आणि लोखंड मिळून एक छोटी बॅटरी तयार होते. धातू इलेक्ट्रॉन सोडायला किती तयार आहे ते त्याच्या प्रमाण विभवावरून कळतं, जितका जास्त उणे तितकी तयारी जास्त. जस्ताचा प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४. म्हणून इलेक्ट्रॉन सोडायचं काम जस्त करतं आणि स्वतः विरघळत शेजारच्या लोखंडाला वाचवतं. लोखंडी बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याचसाठी. ठोकळा झिजतो, बोट टिकते.

पण ठोकळा जाड असतो, नाण्यावरचा मुलामा अगदी पातळ. साध्या हवेत जस्तावर कार्बोनेटचा करडा थर जमतो आणि तो पुढची झीज रोखतो. खाऱ्या हवेतलं क्लोराईड तो थर टिकू देत नाही. कडेजवळचं जस्त आधी संपतं आणि तिथून तांबूस गंज आत सरकतो. किनाऱ्यावरच्या घरांचे जस्त चढवलेले पत्रेही कापलेल्या कडेपासून आणि खिळ्याच्या भोकापासूनच खराब होत जातात.

आमसुलाचं आम्ल तांब्यावरचा काळा थर काढतं आणि तांबं जागेवर राहतं. जस्ताला मात्र ते सरळ विरघळवतं. आजीच्या हातून मुलाम्याचा काही भाग कायमचा गेला.

किमतीचं सांगतो. वापरलेला साधा पोलादी सेंट संग्राहकांमध्ये डॉलरच्याही आत मिळतो. न वापरलेल्या, मूळ पृष्ठभागाच्या नाण्याला काही डॉलर येतात. लाखांची भाषा आहे ती चुकून तांब्याच्या चकतीवर पाडल्या गेलेल्या १९४३च्या मोजक्या सेंट्सची. असा एक सेंट २०१९ साली २ लाख ४ हजार डॉलरना विकला गेला.

म्हणून तपासायचं कसं? लोहचुंबक लावा. चिकटलं तर पोलाद. चिकटूनही वरून तांबडं दिसत असेल, तर तो तांब्याचा मुलामा दिलेला बनावट नमुना आहे. नाही चिकटलं तरी हुरळून जाऊ नका, कारण १९४८चा आठ घासून तीन केलेला असू शकतो. आकड्यांचं वळण भिंगातून बघावं. सोनाराच्या काट्यावर पोलादी नाणं साधारण २.७ ग्रॅम भरतं, तांब्याचं ३.११. आणि नाणं चकचकीत असून कडेवरही जस्त असेल तर ते नंतर चढवलेलं आहे. अशा नाण्याला संग्राहक मान देत नाहीत.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर तांदूळ ओढणाऱ्या जुन्या नाण्याचंही सांगतो. अमुक जुनं नाणं तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं, म्हणून ते अमूल्य आहे, असा दावा केला जातो. कोटींचं आमिष दाखवून या दाव्याने लोकांना लुबाडलं गेलं आहे. तांदळाचा दाणा चुंबकाकडे ओढला जात नाही, उलट अत्यंत क्षीणपणे दूर ढकलला जातो. 'चमत्कार' दिसतो तेव्हा दाण्यांना लोखंडाचा कीस चिकटवलेला असतो. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या फसव्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०२१मध्ये इशारा दिला होता. कमिशन आधी भरा असं कुणी म्हणाला की फोन ठेवून द्यावा.

त्या मुलाला मी इतकंच सांगितलं: नाणं आता घासू नकोस, कडेने धर, कोरड्या कागदी पाकिटात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेव. आणि पणजोबांच्या पेटीतल्या तांब्याच्या पैशांपासून वेगळं ठेव. ओल्या हवेत तांब्याला टेकलं तर उरलेलं जस्त आणखी झपाट्याने जाईल.