हेपेटायटिस सी: काचेच्या सिरिंजपासून रक्ताच्या पिशवीपर्यंत

ठाण्यातल्या जुन्या दवाखान्यांत एकेकाळी स्टोव्हवर स्टीलचा डबा ठेवलेला असे आणि त्यात काचेच्या सिरिंजा, सुया उकळत असत. रांग वाढली की उकळण्याचा वेळ घटायचा. कधी सुई बदलायची, सिरिंज मात्र तीच. खरा घात इथेच होता. सुई बाहेर काढताना रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश सिरिंजच्या नळीत ओढला जातो, आणि सुई बदलून तो जात नाही. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हेपेटायटिस सीचा, म्हणजे यकृताला सूज आणणारा, विषाणू काही आठवडेही तग धरतो.

आजाराला तेव्हा स्वतःचं नावही नव्हतं. रक्त घेतल्यावर कावीळ झालेल्या अनेकांच्या हेपेटायटिस ए आणि बी या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह येत, म्हणून 1970च्या दशकात त्याला 'नॉन-ए, नॉन-बी' म्हणू लागले. विषाणू ओळखता आला 1989मध्ये. हार्वी ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना या कामासाठी 2020चं नोबेल मिळालं.

विकसनशील देशांत हा आजार मोठ्या प्रमाणावर पसरवला तो उपचारांनीच, हे स्पष्ट म्हणायला हवं. सर्वांत मोठं उदाहरण इजिप्तचं. नाईलकाठच्या गावांत गोगलगायींमार्फत होणाऱ्या बिलहार्झियावर (कृमींमुळे होणारा आजार) 1950 ते 1980च्या दशकांत शिरेतून औषध टोचण्याची सरकारी मोहीम चालली. सिरिंजा पुन्हापुन्हा वापरल्या गेल्या. 2008च्या पाहणीत 15 ते 59 वयोगटातल्या 14.7 टक्के लोकांच्या रक्तात हेपेटायटिस सीची प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, अँटीबॉडी) सापडली. हेतू चांगला होता, निर्जंतुकीकरण कच्चं राहिलं.

आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर 1998पासून बंदी आली आणि दान केलेल्या रक्ताची हेपेटायटिस सीची तपासणी 2001च्या सुमारास सक्तीची झाली. त्याआधी रक्त घेतलेल्यांना ही ढाल नव्हती. ठाणे जिल्ह्यात याचा थेट संबंध उल्हासनगरशी येतो. सिंधी समाजात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक जास्त असतात, आणि थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचा तीव्र प्रकार, असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. इतक्या पिशव्यांपैकी एक जरी दूषित निघाली तरी पुरे. नुसत्या प्रतिपिंड चाचणीत नुकताच संसर्ग झालेला दाता अनेक आठवडे निगेटिव्ह दिसू शकतो. थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट चाचणी हा अंध काळ काही दिवसांवर आणते. म्हणून अशा मुलांसाठी नॅट तपासलेलं रक्त मागणं हा पालकांचा हट्ट नाही, ती गरज आहे.

डायलिसिसमध्ये धोका मशीनपेक्षा हातांचा जास्त. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे न बदलणं, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची एकच कुपी अनेकांना वापरणं, खुर्चीवरचा रक्ताचा डाग तसाच राहणं. याशिवाय नशेसाठी एकाच सुईचा वापर, आणि जत्रेत एकाच सुईने एकामागून एक गोंदणं. एकत्र जेवण्याने किंवा मिठी मारल्याने हा आजार होत नाही.

उपचार आता सोपा आहे. सोफोसबुव्हिर 400 मिलिग्रॅम आणि डॅक्लाटास्व्हिर 60 मिलिग्रॅम, रोज एकदा, सहसा 12 आठवडे. सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) असेल तर औषधं किंवा मुदत बदलते. 28 जुलै 2018ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. प्रतिपिंड पॉझिटिव्ह आलं म्हणजे विषाणू अंगात आहेच असं नाही. काहींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो, पण प्रतिपिंडं राहतात. त्यामुळे रक्तात विषाणू खरोखर आहे का ते पाहणारी आरएनए चाचणी करूनच औषध सुरू होतं. औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करायची. बरा झालेला माणूस दूषित सुईने पुन्हा आजारी पडू शकतो.