समाजसहभागाचा मायनर म्हणजे फुकटचे क्रेडिट?

पदवीला मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून समाजसहभाग घेण्याबद्दल ‘चार झाडं लावा, फोटो काढा, क्रेडिट (पदवीसाठी जमवायचा श्रेयांक) खिशात’ असा फॉरवर्ड प्रवेशाच्या दिवसांत हमखास फिरतो. काही ठिकाणी काम तसंच उरकलं जातं, त्यामुळे तो पटतोही. नियम मात्र वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या पदवी आराखड्यानुसार वर्गातल्या एका क्रेडिटला सत्रात 15 तास, समाजसहभागाच्या क्रेडिटला 30. दोन क्रेडिट म्हणजे 60 तास! तेवढ्यात ग्रामसभेची इतिवृत्तं वाचता येतात, पाणीपट्टीचा हिशेब मांडता येतो, गणपूर्तीअभावी, म्हणजे पुरेशी माणसं न जमल्याने, सभा का तहकूब होते हे गावकऱ्यांना विचारता येतं. पडताळायचं तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम उघडा. आधी क्रेडिट आणि तासांचा रकाना, मग मूल्यमापन. अहवाल, तोंडी परीक्षा कशाला किती गुण, ते तिथेच बघा. फोटोंचा रकाना सापडतो का, तेही.