२१४७४८३६४७ (संख्या)

२१४७४८३६४७ ही दहा अंकी मूळ संख्या आहे. अक्षरी दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. अशा मूळ संख्यांना मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचे नाव आहे आणि ही त्यांतली आठवी. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती लिहायची तर ओळीने ३१ एके मांडायचे. तिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की आठवी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीज बाकीच्या विभाजकांच्या बेरजेइतकी असलेली संख्या, येते : २३०५८४३००८१३९९५२१२८.

मर्सेनने १६४४ साली आपल्या यादीत हिला मूळ म्हटले, पण त्या यादीतल्या ६७ आणि २५७ या घातांकांनी त्याला दगा दिला : त्यांतून येणाऱ्या संख्या मूळ नाहीत. ३१ बद्दलची सिद्धता १७७२ मध्ये स्विस गणिती लेओनार्ड ऑयलरने दिली. साध्या रीतीने जायचे तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० च्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागते, आणि तशा संख्या हजारोंनी आहेत. ऑयलरने आधी चाळण लावली. हिला विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. शिवाय ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्याच शिल्लक राहतात. त्या फक्त ८४. पहिली ३११ : भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. दुसरी १३०३ : बाकी २२६. असे ८४ भागाकार कागदावर करायला चिकाटी लागते, प्रतिभा नाही. प्रतिभा चाळणीत खर्च झाली.

पुढे पाऊणशेहून अधिक वर्षे ही ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. हिच्यापासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कुणी शोधणारही नाही, कारण अशा संख्यांचा उपयोग काय, असे इंग्रज गणिती पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिले. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर लुकासने २ चा १२७ वा घात वजा १ मूळ असल्याचे दाखवले.

उपयोगाचे म्हणाल, तर संगणकातल्या ३२ बिटांच्या (३२ द्विमान अंकांच्या) चिन्हांकित, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या, पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणारी जुनी संगणकीय घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी या आकड्यावर येऊन पोहोचतील. मुंबईत तेव्हा मंगळवार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. लोकलच्या गर्दीची ऐन वेळ. पुढच्याच सेकंदाला आकडा ऋण होऊन, म्हणजे १९७० च्या मागे तितकेच सेकंद मोजून, घड्याळ १९०१ च्या डिसेंबरात जाईल. भारतीय प्रमाणवेळेने १४ तारीख, पहाटेचे २ वाजून १५ मिनिटे ५२ सेकंद. आता ही प्रमाणवेळच मुळी १९०६ साली लागू झाली, आणि मुंबईने ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली स्वतःची वेळ त्यानंतरही कित्येक वर्षे सोडली नव्हती.