काजळीला आधी पाणी दाखवू नका

मेणबत्ती विझवल्यावर कधी कधी मागच्या रंगवलेल्या फळीवर, खिडकीच्या चौकटीवर किंवा कपाटाच्या दारावर काळपट पट्टा उमटलेला दिसतो. हात लगेच ओल्या फडक्याकडे जातो. मीही एकदा पांढऱ्या रंगाच्या लाकडी फळीवर हेच केलं. दोन बोटांएवढा डाग वीतभर पसरून करडा झाला आणि तो करडेपणा पुढे कशानेच गेला नाही. काजळी नेमकी असते काय, हे कळल्यावर माझी चूक मला उमगली.

मेणबत्तीत घट्ट मेण जळत नाही. मेण वितळतं, वातीतून वर चढतं, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मेण म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांबलचक साखळ्या. ज्योतीच्या पोटात ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही, तिथे या साखळ्या तुटतात आणि कार्बनचे बारीक कण तयार होतात. तेच तापून पिवळे झळकतात. मेणबत्तीचा उजेड हा मुळात तापलेल्या काजळीचा उजेड आहे! मायकेल फॅरडे यांनी 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी व्याख्यानं दिली, त्यांत हे प्रयोगांनी दाखवलं होतं. ज्योत स्थिर असली की हे कण बाहेरच्या कडेपर्यंत येताना जळून जातात. वात लांब असली किंवा झुळकेने ज्योत फडफडली, की त्यांतले काही न जळताच निसटतात.

असा एक कण साधारण 20 ते 40 नॅनोमीटरचा असतो. आपला केस त्याच्या हजारो पट जाड. गरम हवेत तरंगणाऱ्या या कणाला गरम बाजूचे रेणू जास्त जोराने धडकतात, थंड बाजूचे कमी. त्यामुळे तो हळूहळू थंड पृष्ठभागाकडे ढकलला जातो. याला थर्मोफोरेसिस म्हणतात. फळी ज्योतीपासून लांब असूनही काळी पडते, त्यामागे हे एक कारण आहे. सोबत न जळलेल्या मेणाची वाफही त्याच जागी गोठते, म्हणून मेणबत्तीची काजळी बोटाला किंचित तेलकट लागते.

आता पाण्याचा प्रश्न. काजळी पाण्यातच काय, घरातल्या कुठल्याच द्रवात विरघळत नाही. ती फक्त उचलून काढता येते. जुन्या काळी काजळी, डिंक आणि पाणी घोटून शाई करत. ओलं फडकं घासलं की आपण लाकडावर जवळजवळ तेच करतो. कण पाण्याबरोबर पसरतात आणि दाबाने रंगाच्या छिद्रांत जाऊन बसतात. मॅट रंगावर हे जास्त होतं, कारण त्यात रंगद्रव्य जास्त आणि त्याला बांधणारं माध्यम कमी असतं, त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत राहतो. चकचकीत ऑइल पेंटवर माध्यमाचा सलग पापुद्रा असतो, तिथे काजळी वरवरच राहते.

म्हणून सुरुवात कोरडी करायची. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचं तोंड डागापासून थोडं दूर धरून सुटी काजळी ओढून घ्या. फिल्टर मात्र बारीक हवा, नाहीतर कण मागच्या बाजूने घरात परत येतात. नंतर रबराचा कोरडा स्पंज. आगीनंतर घरं साफ करणारे लोक हाच वापरतात. वरून खाली, सरळ, एकाच दिशेने हलका हात फिरवायचा, गोल घासायचं नाही. स्पंजची बाजू काळी झाली की दुसरी घ्यायची. छोट्या डागाला चित्रकारांचा मऊ खोडरबर दाबून उचलला तरी चालतो. माझ्या मते निम्म्याहून अधिक काम इथेच होतं, आणि इथेच घाई नडते.

उरलेल्या तेलकट थरासाठी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब पुरतात. साबणाच्या रेणूचं एक टोक मेणाला आणि काजळीला धरतं, दुसरं पाण्याला. सुटलेला कण पुन्हा बसत नाही. फडकं घट्ट पिळून घ्या, प्रत्येक वेळी स्वच्छ घडी वापरा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं, वरचा रंग तेवढा ताणला जात नाही आणि सांध्यांपाशी तडकतो.

धुण्याचा सोडा ऑइल पेंटवर वापरू नका. अल्कली आणि तेल यांच्यापासून साबण बनतो आणि रंगातल्या तेलाचंही तेच होऊ लागतं, चमक मरते. स्पिरिटने लाखेचं पॉलिश विरघळतं, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगही मऊ पडतात. मेलामाइनचा पांढरा स्पंज डाग काढतो खरा, पण तो अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे. चकचकीत रंगावर निस्तेज ठिपका ठेवून जातो. काहीही लावण्याआधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात करून पाहा. आणि खूप जुना रंग खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं.

कोरडा कापूस फिरवूनही तो पांढराच राहिला आणि डाग तपकिरी दिसत असला, तर ती बहुधा काजळी नव्हे. रंग किंवा खालचं लाकूड भाजलं आहे, आणि ते पुसून जात नाही. तिथे पुन्हा रंगच द्यावा लागतो. काजळीचा करडेपणा खोल मुरला असेल तरीही तेच, पण त्यावर थेट पाण्याचा रंग मारला तर डाग वर झिरपून दिसतो. आधी लाखेचा, डाग अडवणारा प्राइमर द्या. आणि पुढच्या वेळी मेणबत्ती पेटवण्याआधी वात 6 मिलिमीटरपर्यंत कातरून घ्या.