गर्भाच्या वर्तनावस्था आणि रुधिराभिसरणाचे नियंत्रण

गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत गर्भाच्या शरीराची हालचाल, डोळ्यांची हालचाल आणि हृद्‌स्पंदांचा नमुना यांची ठरावीक सांगड बसते व ती काही मिनिटे टिकते. अशा स्थितींना वर्तनावस्था म्हणतात. प्रचलित वर्गीकरण नायहाउस, प्रेख्टल व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडले. त्यात १एफ ते ४एफ अशा चार अवस्था आहेत (‘एफ’ म्हणजे फीटस, गर्भ). १एफ म्हणजे शांत अवस्था. तीत डोळे स्थिर व स्पंदगतीतील चढउतार अल्प असतात. २एफमध्ये डोळे व शरीर हलते, स्पंदगती वारंवार वाढते. ३एफ क्वचितच आढळते. ४एफमध्ये हालचाल जोरकस व जवळजवळ अखंड असते.

या अवस्था केव्हापासून मानाव्यात, याविषयी एकमत नाही. शांत व सक्रिय काळांची आलटापालट बरीच आधी दिसते. परंतु तिन्ही लक्षणे एकाच सुमारास पालटणे साधारणतः ३६ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान स्थिरावते. त्यापूर्वीच्या जुळणीत योगायोगाचा भाग वगळता येत नाही, म्हणून तिला नुसते चक्र म्हणणे अधिक सुरक्षित. ४एफला जागृती मानावे काय, हाही वादाचा मुद्दा आहे. मेलर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गर्भ जन्मापर्यंत निद्रासदृश स्थितीतच राहतो असे प्रतिपादन केले. अल्प ऑक्सिजन आणि वारेतून येणारी शामक द्रव्ये पाहता हे मत ग्राह्य वाटते.

हृदय व रक्तवाहिन्यांचे नियंत्रण करणाऱ्या अनुकंपी (सिंपथेटिक) तंत्रिकांच्या क्रियेची थेट नोंद प्राण्यांतच, मुख्यतः मेंढीच्या गर्भात, झाली आहे. तेथे अवस्था मेंदूच्या विद्युत् आलेखावरून ठरवतात. अल्प विद्युत्‌दाबाच्या (सक्रिय झोपेसारख्या) अवस्थेत नेत्रचलन व श्वसनसदृश हालचाली होतात, तसेच मेंदूचा रक्तप्रवाह व ऑक्सिजनचा वापर वाढतो. वृक्काकडे (मूत्रपिंडाकडे) जाणाऱ्या अनुकंपी तंत्रिकेची क्रियाही अवस्थेनुसार बदलते. मात्र एका तंत्रिकेवरून साऱ्या अनुकंपी तंत्राचा निष्कर्ष काढू नये : प्रौढ मांजरीत जलद नेत्रचलनाच्या झोपेत वृक्काकडील क्रिया घटते, तर स्नायूंच्या रक्तवाहिन्यांकडील वाढते. हृदयगतीच्या चढउतारांत हृदयगती मंदावणाऱ्या प्राणेशा (व्हेगस) तंत्रिकेचाही मोठा वाटा असतो.

व्यवहारात याचा संबंध हृद्‌स्पंद आलेखाच्या वाचनाशी येतो. १एफमधील सपाट आलेख ऑक्सिजनच्या कमतरतेतील आलेखासारखा भासू शकतो. निरोगी गर्भातही शांत काळ ४० मिनिटांपर्यंत लांबू शकत असल्याने, २० मिनिटांत स्पंदवाढ न आढळल्यास नोंद तितकी वाढवण्याची पद्धत आहे.