व्यावसायिक समाजकार्य (नागपूर)

समाजकार्य हा प्रशिक्षण घेऊन, पगारावर केला जाणारा व्यवसाय आहे. माणूस, कुटुंब किंवा वस्ती अडचणीत सापडली की आधी नेमकी परिस्थिती तपासायची, कायदा आणि योजना यांतून जे मिळू शकते ते मिळवून द्यायचे आणि मिळाल्यावरही काही काळ पाठपुरावा करायचा, असे त्याचे ढोबळ स्वरूप. चौकातल्या फ्लेक्सवर ज्यांच्या नावामागे ‘समाजसेवक’ लागते त्यांचे काम निराळे.

भारतात या विषयाचे रीतसर शिक्षण 1936 मध्ये मुंबईच्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुरू झाले. नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था बजाजनगरात आहे आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. शहरातल्या बहुतेक कार्यालयांत भेटणारे समाजकार्यकर्ते यांपैकीच कुठून तरी शिकलेले असतात.

रेल्वे स्थानक आणि बालकल्याण समिती

दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे घर सोडून निघालेली मुले इथल्या फलाटांवर उतरतात. असे मूल रेल्वे पोलिसांना किंवा 1098 या हेल्पलाइनला सापडले की बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. समिती मुलाला बालगृहात ठेवते आणि सामाजिक तपासणी अहवाल मागवते. तो 15 दिवसांत द्यायचा असतो.

खरी कसोटी पत्ता काढण्यात आहे. मूल गावाचे एकच नाव सांगते आणि त्या नावाची गावे तीन राज्यांत असतात. अशा वेळी जिल्हा विचारण्यात हशील नाही. आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, शाळेत दुपारी काय मिळायचे, गाडीत बसला तिथे नदीचा पूल लागला का, आईला कोणत्या नावाने हाक मारतात, असे विचारत गेले की चित्र जुळत जाते. बोलीवरूनही बरेच कळते. छत्तीसगढी समजणारे कोणी सोबत असले तर काम निम्मे होते. आणि मूल वारंवार पत्ता बदलून सांगत असेल तर ते विसरले आहे असे समजू नये. त्याला परत जायचे नसते, आणि का जायचे नाही हेच शोधायचे असते.

चुका ठरलेल्या आहेत. आधार कार्ड दाखवणाऱ्या ‘काकां’च्या हाती मूल परस्पर सोपवणे ही सगळ्यांत गंभीर. ताबा देण्याचा अधिकार समितीचा आहे, आणि त्याआधी मुलाच्या जिल्ह्यातील बाल संरक्षण कक्षाकडून गृहभेट करवून घ्यायला हवी. दुसरी चूक म्हणजे पालक लवकर सापडावेत म्हणून मुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवणे. मुलाची ओळख उघड करण्यास याच अधिनियमाच्या कलम 74 ने मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

रुग्णालय

‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या दोन्ही सरकारी रुग्णालयांत विदर्भाबरोबर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात. सरकारी रुग्णालयातील समाजकार्यकर्त्याच्या पदाचे नाव समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय). अनोळखी रुग्णाचे नातेवाईक शोधणे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे जुळवणे, सुटी झाल्यावर रुग्ण कुठे जाणार हे ठरवणे ही रोजची कामे. नातेवाईकाला पहिल्याच दिवशी रेशन कार्ड आणायला सांगावे, असा शिरस्ता आहे. रुग्णाला घरी सोडण्याच्या दिवशी बिल हातात पडल्यावर धावपळ सुरू केली तर बहुधा उशीर झालेला असतो. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. तिथेही उत्पन्नाचा पुरावा आधी लागतो.

विदर्भात सिकलसेलचे (आनुवंशिक रक्तविकाराचे) समुपदेशन हे स्वतंत्र प्रकरणच आहे. विद्राव्यता चाचणी (प्राथमिक रक्तचाचणी) सकारात्मक आली एवढ्यावरून माणूस वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस) हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्तचाचणी करावी लागते. हा फरक न सांगता अहवाल हाती दिला की धडधाकट वाहक मुलीचे जमलेले लग्न मोडते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते. ‘चारात एक’ असे सांगितले की घरचे हिशेब करतात: एक आजारी झाले, आता पुढची तीन चांगली. म्हणून ‘दर वेळी नव्याने’ हे शब्द समुपदेशकाने न चुकता उच्चारावेत आणि समोरच्याकडून ते परत वदवून घ्यावेत. हायड्रॉक्सीयुरिया हे या आजारावरचे औषध घेणारे रुग्ण दुखणे थांबले की गोळ्या सोडतात. गैरहजर रुग्णांची यादी काढून फोन करणे हेही समाजकार्यकर्त्याकडेच येते. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 मधील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, हे बऱ्याच कुटुंबांना पहिल्यांदा इथेच समजते.

वस्ती

झोपडपट्टीत काम सुरू करताना पहिला प्रश्न असतो जमीन कोणाची: नझूलची (शहरातील सरकारी जमीन), नागपूर सुधार प्रन्यासची, महापालिकेची, रेल्वेची की खासगी? पट्ट्याचा (झोपडीखालच्या जमिनीच्या हक्काच्या कागदाचा) अर्ज कुठे जाईल आणि नळाला परवानगी कोण देईल हे त्यावर ठरते. एकाच वस्तीच्या दोन गल्ल्या दोन मालकांच्या जमिनीवर निघाल्याने सामूहिक अर्ज अडकून पडतो.

जातीच्या दाखल्याला ठरावीक तारखेआधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. आजोबांच्या शाळेचा दाखलखारीज उतारा किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद यासाठी शोधावी लागते. छत्तीसगडमधून आलेल्या मजूर कुटुंबांकडे ती इथे नसतेच. त्यांना मूळ गावाकडचा कागद आणण्यावाचून गत्यंतर नाही, हे पहिल्या भेटीतच सांगून टाकणे बरे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवेचा अर्ज बहुधा दोन ठिकाणी अडतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत दाखवावे लागते. आणि बँक पासबुकावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, असा घोळ असतो. मंजुरीनंतरही खाते आधारशी जोडलेले नसले की पैसे येत नाहीत, आणि बाईला वाटते अर्ज नामंजूर झाला.

गृहभेट आणि अहवाल

या व्यवसायात चांगले मन असणे गृहीत धरले आहे. माणूस तरतो की बुडतो ते लेखनावर. न्यायालय किंवा समिती त्या घरी कधीच जात नाही, ती कागद वाचते. त्यामुळे पाहिलेले आणि वाटलेले वेगळे लिहायला शिकवतात. ‘आई मुलाकडे दुर्लक्ष करते’ हे वाक्य नापास. ‘मंगळवारी 11 वाजता भेट दिली, दाराला कुलूप, मुलगा शेजारी, शेजारणीच्या सांगण्यानुसार आई सकाळी 7 ते 2 धुणीभांडी करते’ हे पास. दोन्ही वाक्ये एकाच घराची असू शकतात. पहिल्याने मूल बालगृहात जाते, दुसऱ्याने पाळणाघराचा प्रश्न पुढे येतो.

गृहभेट एकदा कळवून आणि एकदा न कळवता करावी. मोलकरणींच्या वस्तीत सकाळी जाण्यात अर्थ नाही, संध्याकाळ किंवा रविवार बरा. मे महिन्यात तर दुपारी दार कोणी उघडत नाही. घरातला कर्ता बोलत असताना बाईशी वेगळे बोलायचे निमित्त काढावे लागते, पाणी मागून आत जाणे हे त्यातले जुने निमित्त. कौटुंबिक हिंसाचाराची शंका असेल तर घरी विचारूच नये, सुरक्षित ठिकाणी बोलवावे. 2005 च्या कायद्यान्वये संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात दंडाधिकाऱ्यांना देतो.

प्रशिक्षण

कोणत्याही शाखेतून बारावीनंतर बीएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदवी) आणि कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचे एमएसडब्ल्यू (पदव्युत्तर पदवी) करता येते. बहुतेक पदांना एमएसडब्ल्यू मागतात, त्यामुळे बीएसडब्ल्यूवर थांबू नये. अभ्यासक्रमात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या तीन मुख्य पद्धती, शिवाय संशोधन, कल्याण प्रशासन आणि सामाजिक कृती. पण विद्यार्थी घडतो तो क्षेत्रकार्यात: आठवड्यातून साधारण दोन दिवस एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत काम, त्याचे लेखी अहवाल आणि पर्यवेक्षकाशी बैठक. ग्रामीण शिबिर आणि लघुप्रबंध वेगळे. क्षेत्रकार्याचे अहवाल सत्राच्या शेवटी एका रात्रीत लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी असतात. तोंडी परीक्षेत वस्तीच्या नळाची वेळ विचारली की ते उघडे पडतात.

मानसोपचार समाजकार्यासाठी एमएसडब्ल्यू पुरेसे नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या व्याख्येत त्यानंतर मानसोपचार समाजकार्यातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. अपेक्षित आहे. प्राध्यापकीसाठीच्या नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत समाजकार्य हा स्वतंत्र विषय आहे.

नोकरी

परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशक, एचआयव्ही तपासणी केंद्रातील समुपदेशक, स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प समन्वयक या नेहमीच्या वाटा. कारखाने अधिनियमानुसार 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागत असे; 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत हा आकडा 250 आहे. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींकडे म्हणूनच मनुष्यबळ विषय घेतलेल्यांची नजर असते. नियमित सरकारी पदे थोडी आहेत. बाल संरक्षण कक्ष आणि आरोग्य अभियानातली बरीच पदे कंत्राटी असतात, आणि प्रकल्पाचा निधी संपला की स्वयंसेवी संस्थेतली नोकरीही संपते. रुजू होताना चालू प्रकरणांच्या फायली कोणाकडून, कोणत्या तारखेला ताब्यात घेतल्या याची लेखी नोंद ठेवावी. आधीच्या कर्मचाऱ्याने न दिलेल्या अहवालाची विचारणा नव्या माणसाकडेच होते.