नाशिकचा मुडदूस आणि हाडांची वाढ

मुलाचे पाय फेंगडे दिसले की ‘ऊन कमी पडलं’ असं आज घरातली आजीही सांगते. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांचंही यावर एकमत नव्हतं. ते एकमत होण्यात नाशिकचा वाटा आहे, आणि आपल्या शहरात त्याची आठवण कुणी काढत नाही याची मला खंत वाटते.

इंग्लंडात फ्रान्सिस ग्लिसन यांनी 1650 मध्ये मुडदुसाचं, म्हणजे मुलांची हाडं मऊ राहून वाकण्याच्या आजाराचं (रिकेट्स), सविस्तर वर्णन केलं, पण कारण पुढची पावणेतीनशे वर्षं सापडलं नाही. 1919 मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांचा मुडदूस कॉडलिव्हर ऑइलने, म्हणजे कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने, रोखून दाखवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली ठेवून मुलं बरी केली. मग दोष खाण्याचा की उन्हाचा?

1921 मध्ये हचिसन आणि पटेल या डॉक्टरांनी नाशिक शहरातल्या वयात येतानाच्या मुडदुसावर लेख प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी हचिसन आणि शहा यांचा आणखी एक आला. शेतात राबणाऱ्या गरिबांचं खाणं तुटपुंजं, तरी त्यांच्यात हा आजार दिसत नव्हता. आईबरोबर तान्हं मूलही उन्हात असे. आजार होता तो बालविवाह आणि पडदा पाळणाऱ्या सधन हिंदू-मुसलमान घरांत. खाण्यापिण्याची ददात नसलेल्या घरची मुलगी, लग्न झालं की उंबरठ्याआड, आणि तिची हाडं मऊ.

नेमकं बिघडतं ते ग्रोथ प्लेटमध्ये. लांब हाडाच्या टोकाजवळच्या या कूर्चेच्या पातळ थरात पेशी रांगेने वाढतात, फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड बनतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व बनतं, कॉडलिव्हर ऑइलमध्येही तेच असतं; ते नसेल तर रक्तातला फॉस्फेट घटतो, फुगलेल्या पेशी मरतच नाहीत आणि थर जाड होत जातो. मनगटं रुंद होतात. एक्स-रेत हाडाचं टोक वाटीसारखं खोलगट, कडा विसकटलेल्या दिसतात. वयात येताना हाडं झपाट्याने वाढतात, म्हणून तेव्हाची कमतरता जास्त भोवते. मऊ झालेली कंबरेची हाडं दबली की पुढे बाळंतपण अडे. त्या मुलींना याची किंमत जिवानिशी मोजावी लागे.

ग्रोथ प्लेटला इतर आजारही सोडत नाहीत. तान्ह्या बाळात रक्तवाहिन्या हा थर ओलांडून जातात, त्यामुळे हाडातला जंतुसंसर्ग थेट सांध्यात उतरू शकतो आणि वाढ कायमची खुंटू शकते.

आता बाळाला पहिलं वर्षभर रोज 400 युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. तेल चोळून बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची आपली रीत चांगलीच, पण त्या वेळच्या उन्हात कामाचे किरण फार थोडे असतात. थेंब चुकवू नयेत. वाकलेले पायही वेळीच औषध मिळालं तर बरेचसे आपोआप सरळ होतात, कारण ग्रोथ प्लेट अजून वाढत असते. मुलींमध्ये ती साधारण चौदा-पंधराव्या वर्षी, मुलांमध्ये थोडी उशिरा मिटते. त्यानंतर पाय सरळ करायचा तर हाड कापावं लागतं.